नयनच्या बोरन्हाणाचा पाट

क्षिप्राच्या हाती लाकडावर चित्रं डागायचं ते तापणारं पेन पहिल्यांदा आलं, तेव्हा तिने आधी प्लग कुठे आहे ते पाहिलं, मग वायर कुठून जाते ते, आणि मग दार कुठे आहे ते. शिकवणाऱ्या नीरजाताई हसल्या. म्हणाल्या, पळायची वेळ अजून इथे कुणावर आलेली नाही.

स्वभावच होता तिचा तो. मानपाड्याच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात गॅसचं बटण, चार्जरची पिन, बाल्कनीची जाळी आणि अजून वर्षाचाही न झालेल्या नयनच्या तोंडात मावेल अशी प्रत्येक वस्तू तिच्या पहाऱ्यात असे. जवळच्या कंपन्यांच्या धुराचा वास आला की ती खिडक्या लावून घेई, वास गेला की कोंदट होतंय म्हणून पुन्हा उघडी. नयन तीन महिन्यांचा असताना छाती भरून हॉस्पिटलात राहून आला होता. नाकाला लावलेली ती इवलीशी नळी तिच्या डोळ्यांपुढून अजून हलली नव्हती. त्याच धावपळीत पहिल्या संक्रांतीचं त्याचं बोरन्हाणही राहून गेलं होतं.

अशा बाईने तापल्या तारेने लाकडावर चित्रं काढायचा छंद धरावा, याचं सगळ्यांना नवल वाटलं. पायरोग्राफी हे नाव सासरी कुणाच्या तोंडी बसलं नाही. कोलशेतला राहणारी तिची थोरली नणंद अमृता हिला कशावरही टोमणा सुचायला वेळ लागत नसे. ती म्हणाली, "लेकाला वरणसुद्धा फुंकून फुंकून भरवतेस, आणि लाकडाला डागण्या देतेस होय गं?" सगळे हसले. क्षिप्राही हसली, पण तिने ते मनात ठेवलं.

छंद का धरला ते तिचं तिला ठाऊक होतं. लाकडावर पेन टेकवलं की थांबता येत नाही. हात जरा रेंगाळला की तिथे काळा ठिपका पडतो, आणि तो कशानेही जात नाही. त्यामुळे पेन चालू असेपर्यंत डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच उरत नसे. नयनच्या जन्मापासून तिचं डोकं गप्प झालं ते फक्त तिथे, बाळकुमला नीरजाताईंच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. लॅबमधली नोकरी तिने नयनसाठी सोडली होती. एमएस्सी झालेल्या बाईला वरण किती पातळ हवं ते ठरवण्यापलीकडे आता काही येत नाही, असं सासरच्यांना वाटतं अशी तिची खात्री होती. तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं, पण म्हणायला कशाला हवं.

"लाकूड जाळायचं नाही, शेकायचं," हे नीरजाताईंचं पहिल्या दिवसापासूनचं सांगणं. पोळी शेकतो तसं. दाबायचं नाही, उचलत उचलत जायचं, आणि थांबायच्या आधी हात वर. क्षिप्रा दाबायची. पहिली पानं-फुलं नुसती खड्ड्यांसारखी उमटली. पण दिवाळी येईपर्यंत तिच्या हाताला वळण लागलं, आणि छटा जमू लागल्या. फिकट बदामीपासून कॉफीच्या रंगापर्यंत. घरी आणलेला पहिला बरा तुकडा, एक चिमणी, तिने सासूबाईंना दाखवला.

सुमतीबाई डोंबिवलीच्या शाळेत मराठीच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाची नजर निवृत्त होत नाही. त्यांनी चिमणी डोळ्यांजवळ धरली, छान म्हटलं, आणि मग म्हटलं, "पाय जरा उलटे वाकलेत का गं?"

पाय उलटेच वाकले होते. पण त्या दिवशी सकाळपासून त्यांनी नयनच्या टोपीबद्दल सांगितलं होतं, तुपाबद्दल सांगितलं होतं, आणि तो रडला की लगेच उचलण्याबद्दलही. क्षिप्राने चिमणी परत घेतली आणि नवऱ्यासमोर, सौमित्रसमोर, आवाज अजिबात न चढवता, शिकलेल्या माणसांसारखं सांगितलं, "आई, एक विनंती आहे. मी विचारल्याशिवाय मला काही सांगत जाऊ नका. माझ्या डोक्यात आधीच खूप असतं."

सौमित्रने फोनमध्ये मान घातली. सुमतीबाई एवढंच म्हणाल्या, "बरं."

आणि त्या शब्दाला जागल्या. टोपी, तूप, रडणं, सगळं बंद. घर शांत झालं. क्षिप्राला ते वाक्य आपण किती नीट म्हटलं याचा मनातून अभिमान होता. मोबाइलवर आयांना शिकवणाऱ्या बायका सांगतात तसं, न भांडता, न रडता. एका मैत्रिणीलाही तिने ते फोनवर म्हणून दाखवलं.

मग संक्रांत जवळ आली आणि बोरन्हाणाचं ठरलं. बोरन्हाणात मूल पाटावर बसतं आणि बायका त्याच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हलवा ओततात. तो पाट आपण करायचा, असं क्षिप्राच्या मनाने घेतलं. बाजारचा नाही. नयनसाठी आईच्या हातचा. घरात चार माणसं येतील, हळदीकुंकू होईल, आणि सगळ्यांच्या मध्यभागी तिचं काम असेल. एकदा तरी कुणी म्हणावं, की हिला हे फार नीट जमतं. त्यात चूक काढायला काहीच उरू नये, सासूबाईंनाही नाही. तिला हवं होतं ते एवढंच, आणि ते तिला फार हवं होतं.

मानपाड्याच्या एका सुताराकडून तिने शिवणीच्या लाकडाची फळी करून घेतली. फिकट, घट्ट, रेषा कमी असलेली. पाटाचे पाय मागाहून ठोकू, काम करायला सपाट बरं पडतं, असं तिने त्याला सांगितलं. फळी दोन वेळा पॉलिश पेपरने घासली. आणि चित्र कुठलं, हा प्रश्न तिला पडलाच नाही. बोरन्हाणाला मुलाला काळं झबलं घालतात, हलव्याचा मुकुट, हलव्याची बासरी. म्हणजे तो त्या दिवशी बाळकृष्णच. मग पाटावर बाळकृष्ण. रांगणारा, एका हातात लोण्याचा गोळा, मान वळवून मागे बघणारा.

कार्बन ठेवून तिने रेषा उतरवल्या आणि नयन झोपला की बाल्कनीत बसू लागली. केसांच्या बटा, कमरेची साखळी, गुडघ्याची वळी. बाळकुमला ती फळी घेऊन गेली तेव्हा नीरजाताईंनी पाठ थोपटली. विचारलं, कुठल्या भिंतीवर लावणार. हे गुपित राहावं म्हणून क्षिप्रा म्हणाली, अजून ठरलं नाही. वरून पॉलिशचा हात दे, असं त्यांनी सुचवलं. क्षिप्राने घरी येऊन त्या डब्यावरचं सगळं वाचलं, नयन पाट चाटेल असं तिच्या मनात आलं, आणि तिने लाकूड कोरडंच ठेवलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला चेहऱ्यावर. डोळे हसरे यायला हवे होते. तिथे तिने पुन्हा जरा दाबलं, पण बाहुल्या अशा काही उतरल्या की फळी कुठूनही बघा, कृष्ण आपल्याकडेच बघतोय.

सुताराकडून पाय लावून आणले त्या संध्याकाळी तिने पाट हॉलमध्ये जमिनीवर ठेवला. सुमतीबाई जपमाळ घेऊन सोफ्यावर होत्या. त्यांनी पाटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"क्षिप्रा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही. चहा टाकू का तुला?"

क्षिप्राला वाटलं, शब्द सापडेनात त्यांना. त्या रात्री तिला छान झोप लागली.

हळदीकुंकवाच्या ग्रुपवर तिने आधीच कळवून ठेवलं होतं. बोरं आणू नयेत, बिया घशात अडकतात. उसाचे तुकडे नकोत. हलवा मोठा नको. बाळाला घेण्याआधी हात धुवावेत, सर्दी असेल त्यांनी कृपया लांबून आशीर्वाद द्यावा. अमृताने त्याखाली लिहिलं होतं, चुरमुरे उकळून आणायचे का.

त्या दिवशी सगळ्या वेळेवर आल्या. समोरची दर्शना आली, वरच्या मजल्यावरच्या शेवंतीकाकू आल्या, अमृता कोलशेतहून तिळाच्या वड्या घेऊन आली. हॉलच्या मधोमध, रांगोळीच्या चौकटीत, पाट. येणारी प्रत्येक जण आधी पाटापाशी थबकली. दर्शनाने फोटो काढला. शेवंतीकाकूंनी गुडघ्यावर हात देत वाकून पाटाला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली, मग कानाला. क्षिप्राने ते बघितलं आणि तिचा ऊर भरून आला. आपल्या हातच्या कामाला कुणी वाकून नमस्कार करावा, यापेक्षा आणखी काय हवं.

नयनला तिने आत तयार केलं. मांड्यांवर पुरळ आली होती म्हणून डायपर घातला नाही, नुसतं काळं झबलं आणि पातळ चड्डी. हलव्याचा मुकुट तो दोनदा ओरबाडून झाला होता. तिने त्याला बाहेर आणलं, सगळ्यांकडे बघून हसली, आणि त्याला पाटावर बसवलं. बरोबर मधोमध.

लहान मुलाला बघून बायका जो एक कलकलाट करतात तो झाला नाही. दर्शनाने फोन वर धरला होता, तो हळूच खाली घेतला. शेवंतीकाकूंची नजर छताकडे गेली. आणि अमृता, जिच्याकडून क्षिप्रा या क्षणी एखाद्या टोमण्याची वाटच बघत होती, ती वड्यांच्या डब्याचं झाकण लावत होती. लागलेलं झाकण उघडून परत लावत होती.

पहिली वाटी आजीची. सुमतीबाई चुरमुऱ्यांची वाटी घेऊन पुढे आल्या आणि थांबल्या.

"आई, बोरं नाहीयेत त्यात," क्षिप्रा घाईने म्हणाली, "मी बघितलंय सगळं."

"त्याला उचल जरा."

"का?"

"उचल गं," सुमतीबाई इतक्या हळू म्हणाल्या की ते फक्त तिलाच ऐकू यावं. "देव आहे ना खाली."

क्षिप्राने खाली बघितलं. नयनच्या दोन गुबगुबीत मांड्यांच्या मधून बाळकृष्णाचा चेहरा वर बघत होता. बाहुल्या थेट तिच्याकडे. आणि ती बघत असतानाच नयनच्या चड्डीखालून एक बारीक ओघळ निघाला, कृष्णाच्या कपाळावर आला, आणि कोरड्या, पॉलिश न केलेल्या लाकडाने तो शाईसारखा पिऊन टाकला.

नंतर काय कसं झालं हे तिला तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिलं. सुमतीबाईंनी पाट दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरून आत नेला, ओल्या साडीची पर्वा न करता. सौमित्रने फडकं आणलं. कुणीतरी म्हणालं, लहान मूल म्हणजे देवच, त्याला काय. कुणीतरी म्हणालं, अगं गोकुळात काय कमी केलं असेल त्याने. सुमतीबाई साडी बदलून आल्या आणि म्हणाल्या, आईच्या मांडीवर बसवू, तोच खरा पाट. मग क्षिप्रा जमिनीवर मांडी घालून बसली आणि नयनच्या डोक्यावरून ओतलेले चुरमुरे तिच्या डोक्यावरून, पदरातून, मानेवरून खाली घरंगळत राहिले. नयन खिदळत होता. तिने चेहरा हसता ठेवला होता, आणि कान इतके तापले होते की केसात अडकलेला चुरमुरा भाजून निघावा.

जाताना प्रत्येक जण चित्राचं कौतुक करून गेली. ते सगळ्यात वाईट होतं. शेवंतीकाकूंनी तर तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "हात लई गोड आहे पोरी तुझा." अमृताने मात्र चपला घालताना फक्त खांदा दाबला. एरवी क्षिप्राला तिचे टोमणे झोंबत. आज अमृताने एखादा मारला असता तर ती तिचे पाय धरायला तयार होती.

सौमित्र नयनला घेऊन खाली गेला. स्वयंपाकघरात सुमतीबाई उरलेला हलवा बरणीत भरत होत्या. क्षिप्रा दारात उभी राहिली. पाट ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून, तोंड भिंतीकडे करून ठेवला होता. आपल्या कामाची तोंड फिरवलेली ती पाठ बघून तिला तिथून निघून जावंसं वाटलं. पण विचारणं भाग होतं.

"तुम्हाला आधीच दिसलं होतं ना, आई?"

"दिसलं होतं."

"कधी?"

"पाय लावून आणलेस त्या दिवशी. तोवर मला वाटलं होतं, भिंतीचं आहे."

"मग बोलला का नाहीत?"

सुमतीबाईंनी बरणीचं झाकण लावलं. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर क्षिप्राला उत्तर देता आलं असतं.

"तू विचारलं नव्हतंस," त्या म्हणाल्या. मग बरणी बाजूला ठेवून, "मला वाटलं, ऐनवेळी वर चादर घालशील, काही ठरवलं असशील. दोनदा तोंडाशी आलं माझ्या. मग म्हटलं, पुन्हा चिमणीचे पाय नकोत."

क्षिप्राला तेव्हा लाज वाटली ती पाटाची नव्हती. पाटाची लाज सोपी होती, ती चार बायकांसमोरची होती, महिनाभरात विरली असती. पण या घरात एक म्हातारं माणूस, देवाच्या तोंडावर नातू बसणार हे बघूनही चहा टाकू का विचारत होतं, कारण आपण त्याला तसं शिकवलं होतं. घर शांत झालं म्हणून आपण खूष होतो. नयनच्या बाबतीतही असंच काही तोंडाशी येऊन परत गेलं असेल का, हा विचार तिच्या मनात आला, आणि ती ओट्याला टेकली.

चार-पाच दिवस पाटाचं काय करायचं हे कुणालाच ठरवता आलं नाही. सौमित्र म्हणाला, खिळा ठोकून भिंतीवर लावू. पण त्या कपाळावरचा डाग सुकून पिवळट उमटला होता, आणि पाटाचे पाय भिंतीतून बाहेर आलेले कसे दिसतील ते त्याचं त्यालाच कळून तो गप्प बसला. टाकून देणं शक्य नव्हतं. नीरजाताईंना क्षिप्राने फोन केलाच नाही, आणि त्या शनिवारी बाळकुमलाही गेली नाही.

त्याऐवजी तिने बाल्कनीत जुनं वर्तमानपत्र अंथरलं, जाडा पॉलिश पेपर काढला, पाट आणला. मग आत जाऊन सुमतीबाईंच्या समोर उभी राहिली.

"आई, मी ते घासून काढतेय. चालेल का? चेहऱ्यावर असा पेपर घासलेला... पाप वगैरे असतं का त्यात?"

"मला काय ठाऊक," सुमतीबाई म्हणाल्या. "असं आजवर कुणी केलंय का, की त्याचा काही नियम असेल?"

क्षिप्राला हसू आलं नाही. "मग बाहेर येऊन बसता का? आणि कुठे चुकलं तर सांगा. मी विचारलं नाही तरी सांगा."

सुमतीबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "बघ हं. मला थांबता येत नाही एकदा सुरू झाले की."

"माहितीय."

त्या खुर्ची घेऊन येऊन बसल्या. नयनला सौमित्रने त्यांच्या पायाशी आणून सोडलं. क्षिप्राने आधी पाटाला हात जोडले, मनातल्या मनात माफी मागितली, आणि कृष्णाच्या पायांकडून सुरुवात केली. साखळी गेली, गुडघ्याची वळी गेली. इतके दिवस घालून काढलेलं किती भराभर जात होतं. सुमतीबाई काहीच बोलत नव्हत्या, आणि ते क्षिप्राला बोलण्यापेक्षा जड होत होतं. चेहऱ्यापाशी आली तेव्हा तिने पेपर बदलला. डोळे मात्र जाईनात. तिथे तिने दाबलं होतं, भाजणं आत खोल उतरलं होतं. ती जोर लावून घासू लागली.

"क्षिप्रा."

"हं."

"सव्वा वर्षाचा झाला तरी नयन अजून एकटा पाऊल टाकत नाही, ते तू त्याला पडू देत नाहीस म्हणून. हात सोडतो न सोडतो तोच तू धरतेस. दोन महिने बघतेय मी."

क्षिप्राचा हात थांबला. कान पुन्हा तसेच तापले. आयांना शिकवणाऱ्या बायकांची चार वाक्यं जिभेवर आली, प्रत्येक मूल वेगळं असतं वगैरे. तिने ती गिळली. घासत राहिली. थोड्या वेळाने, मान वर न करता, विचारलं, "अजून?"

"अजून आहे. पण आज एवढं पुरे."

"नाही, सांगा."

"तो रडला की तू आधी माझ्याकडे बघतेस. मी काही केलं का, म्हणून."

यावर क्षिप्राला काही गिळताही आलं नाही, कारण ते खरं होतं, आणि तिला वाटलं होतं ते कुणाला दिसत नाही. डोळ्यांत पाणी आलं ते भुशाने आलं असं दाखवायला तिने पदराने चेहरा पुसला. पुसून बघते तर नयन रांगत वर्तमानपत्रावर आला होता आणि दोन्ही पंजे भुशात घालून बसला होता. तिचं अंग उठायला लागलं. तिने ते दाबून धरलं. नाही, आत्ताच तर ऐकलं. पडू दे, करू दे. ती हातातल्या पेपरकडे बघत बसून राहिली. नयनने मूठ भरली, बघितली, तोंडाकडे नेली.

"अगं, भुसा खातोय तो," सुमतीबाई म्हणाल्या. "बघत काय बसलीस, उचल की."

तिने त्याला उचललं. बोट घालून तोंड साफ केलं, ओठांवरचा भुसा पदराने पुसला. तो ओरडला. सासूबाईंकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिची नजर तिकडे गेलीच, आणि सुमतीबाईंना ती गेलेली दिसली. नयनला तिने कठड्यापासून लांब, स्वच्छ लादीवर उभं केलं, त्याचा हात सुमतीबाईंच्या गुडघ्यावर ठेवून दिला, आणि खाली बसून ती त्या दोन डोळ्यांवरून पुन्हा पेपर फिरवू लागली.